वीरपत्नीला काय विचारायचं?

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावाचे ४६ जवान कामी आले आणि इंग्रज सरकारने तिथे त्यांचे स्मारक उभारले. फौजेत जाण्याची रीत अपशिंग्यात आजही मोडलेली नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता. मग 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. हद्द बदलली, पण पोरगा मिल्ट्रीत धाडायची चाल दोन्हीकडे तशीच चालू राहिली.

युद्धात ज्यांचे नवरे गेले त्या बायकांच्या आठवणी मी दोन्ही जिल्ह्यांत रेकॉर्ड करते. माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. १९८७ साली ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते. माझे हे काम त्यांना पटत नाही आणि ते तसे तोंडावर सांगतात. आमचा वाद त्यांच्या परवानगीने, त्यांना वाचून दाखवून, इथे देत आहे.

मामा: मला एक सांग, या बायांना आता विचारायचं काय राहिलंय? नवरा देशासाठी गेला. गावानं मान दिला, सरकारनं पेन्शन दिली. पन्नास वर्षं झाली, खपली धरली. ती तू कशाला काढतेस?

मी: खपली धरलीय हे ठरवलं कुणी मामा? आपणच. पंधरा ऑगस्टला नारळ, साडी आणि शाल दिली की आपलं समाधान होतं. तिला तुम्ही वीरपत्नी म्हणता, स्टेजवर खुर्ची देता, पण माइक कधी देता का? भाषण सरपंच करतात, मग आमदार करतात, आणि ती हात जोडून खाली उतरते.

मामा: माइक दिला तर रडेल ती. चारचौघांत रडावं लागू नये म्हणूनच देत नाहीत. टीव्हीवाले बघितलेस ना? तिरंग्यातली पेटी अजून अंगणात असते आणि हे बायकोच्या तोंडासमोर दांडकं धरून विचारतात, आता तुम्हाला कसं वाटतंय! तुझं काम त्याहून वेगळं कसं?

मी: त्यांना त्याच दिवशीचं रडणं हवं असतं. मला त्यानंतरची चाळीस वर्षं हवीत. जमीन कुणी कसली, दिरांनी वाटणी कशी केली, पेन्शनचा कागद कुणाच्या पेटीत राहिला, पोरीचं लग्न कसं झालं. बहुतेक बायका मला लढाईबद्दल सांगतच नाहीत. चुलीबद्दल सांगतात, बैलाबद्दल सांगतात.

मामा: त्यात युद्ध कुठं आलं? बिनफौजी घरातल्या विधवेचंही हेच असतं.

मी: नुसतं तेच नसतं. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला पदकाबरोबरचा भत्ता मिळतो. तिनं दुसरं लग्न केलं की तो बंद व्हायचा. फक्त दिराशी लग्न केलं तर चालू राहायचा. ही अट संरक्षण मंत्रालयानं काढली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. म्हणजे तोपर्यंत तिनं कुणाच्या घरात राहावं याचं उत्तर सरकारी कागदात लिहिलेलं होतं. ही गोष्ट कुठल्या पोवाड्यात येत नाही आणि रेजिमेंटच्या इतिहासातही येणार नाही. ती फक्त बाईच सांगू शकते.

मामा हे ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. ती अट त्यांना माहीत होती. कागदपत्रांच्या कामी त्यांनी कितीतरी घरांना मदत केली आहे, सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायऱ्या त्यांच्याइतक्या कुणी झिजवल्या नसतील. म्हणून त्यांचा पुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तो भावनेचा नाही, पुराव्याचा आहे.

मामा: बरं, सांगतात त्या. पण खरं किती? तूच मला एक रेकॉर्डिंग ऐकवलंस. ती आजी म्हणते, तार आली ते साल आठवत नाही. तारीख माहीत नाही. पलटणीचा नंबर चुकीचा सांगते. नवरा कुठल्या सेक्टरला गेला तेही ठाऊक नाही. कोर्टात अशी साक्ष एक मिनिट टिकायची नाही.

मी: पण ती सांगते काय ते नीट ऐका. ती म्हणते, इंदिराबाई निवडून आल्या ते साल. मार्गशीर्षातला गुरुवार होता, सकाळीच घट मांडला होता. शाळू पोटरीला आला होता. आता हिशोब करा. निवडणूक १९७१ च्या मार्चमधली. लढाई ३ डिसेंबरला सुरू झाली, १६ डिसेंबरला संपली. त्या साली मार्गशीर्ष १७ डिसेंबरला संपला. म्हणजे लढाई चालू असताना मार्गशीर्षातले गुरुवार दोनच येतात, ९ आणि १६. शाळूही तेव्हाच पोटरीत असतो. तिनं तारीख सांगितली नाही, पण दोन दिवसांवर आणून ठेवली.

मामा: हे तू जुळवलंस.

मी: जुळवायचं काम माझंच आहे. कागद तरी स्वतःहून कुठे बोलतो? तोही जुळवावाच लागतो. आणि तिच्या सांगण्यात जे आहे ते तारेत नव्हतं. घट मांडलेला, उपास धरलेला, संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या. तार वाचणारा मास्तर दारात उभा. सासू म्हणाली, आधी घट उचल. ज्या हातांनी घट मांडला त्याच हातांनी तो उचलायला लावला, हे ती तीनदा बोलली. पुढं तिनं कधी मार्गशीर्षातला गुरुवार धरला नाही. लढाईची किंमत मोजायची तर ही कुठल्या रकान्यात घालणार?

मामा: तिला नवऱ्याची ट्रंक आली होती का?

मी: आली होती. तीन महिन्यांनी. काळी लोखंडी, वर पांढऱ्या रंगात नंबर. आत दोन खाकी कपडे, एक स्वेटर, दाढीचं सामान, विठोबाचा छोटा फोटो आणि तिनंच कुणाकडून तरी लिहून घेतलेली पत्रं. स्वेटर धुऊन, घडी घालून पाठवलेला. धुतला नसता तर बरं झालं असतं, एवढंच ती म्हणाली.

कारगिलच्या आधी, म्हणजे १९९९ पूर्वी, जवानाचे पार्थिव सहसा घरी येत नसे. रणभूमीजवळच अग्नी दिला जाई. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या बायकांनी नवऱ्याचे तोंड शेवटचे पाहिले ते रजेवरून परतताना. त्यामुळे कित्येकींच्या मनाने ते मरण वर्षानुवर्षे मानलेच नाही. त्या लढायांतले 'बेपत्ता' म्हणून नोंदलेले जवान वेगळेच. त्यांच्या बायकांनी कुंकू लावायचे की पुसायचे, हा प्रश्न घराघरात भांडणाचा झाला. आज पेटी येते, गाव लोटते, सलामी होते. त्या काळी तार, ट्रंक आणि मनिऑर्डर एवढेच यायचे.

मामांना साताऱ्याच्या अभिमानाची बाजू सोडवत नाही आणि ती त्यांनी सोडावी असे मलाही वाटत नाही.

मामा: तू सगळं रडकंच घेतेस. पोगरवाडीच्या कर्नल संतोष महाडिकांचं घे. २०१५ साली कुपवाड्याला लढताना गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन वर्षांत स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. पोरं लहान असताना ट्रेनिंग पुरं केलं. पोरांना दाखवायचं तर हे दाखव. पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी पोरं बघतेस ना? भरतीची तयारी करतात. त्यांच्या आयांना तू हे ट्रंकेचं ऐकवलंस तर कोण पाठवेल?

मी: स्वातीताईंचा मला मनापासून आदर आहे. पण त्यांचं उदाहरण देऊन आपण बाकीच्यांना गप्प करतो, हे मला मान्य नाही. ज्या बाईला शाळेचा उंबरा माहीत नव्हता, जिनं उसाच्या फडात पोरं वाढवली, तिचं धैर्य कमी होतं का? आणि हा 'मग लढायला कोण जाईल' असा सवाल तुम्ही पहिल्यांदा विचारत नाही आहात. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या सोव्हिएत स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या. १९८५ साली पुस्तक आलं, तेही काटछाट होऊन. तिथल्या सेन्सॉरचा आक्षेप हाच होता. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. आणि त्या बायका काही पळपुट्या नव्हत्या, रणगाड्यावर आणि इस्पितळात लढलेल्या होत्या. खर्च सांगितला म्हणजे शौर्य नाकारलं असं होत नाही.

मामा: रशियाचं ठेव बाजूला. आपल्याकडचं बोल.

मी: मग कुंडलला चला. इंग्रजांविरुद्धच्या पत्री सरकारच्या मुलखात. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील विट्याला राहायच्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं साथीदारांना पळवायची होती. पोलिसांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून हौसाताईंनी ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ होईल. पण म्हातारपणी त्यांनी ते पत्रकार पी. साईनाथ यांना सांगितलं तेव्हा तक्रारही सांगितली, की सोंगातल्या त्या नवऱ्यानं खरोखरच फार मारलं. सत्तर वर्षं लोटली तरी मार लक्षात होता. लढ्याचं मोल बाईच्या पाठीवर कसं उमटतं ते या तक्रारीतून कळतं. कुणी विचारलं नसतं तर ही तक्रार त्यांच्याबरोबरच गेली असती. हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये गेल्या. शेणोलीला १९४३ साली रेल्वेतला सरकारी पगार अडवणारे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. या स्वातंत्र्यसैनिकांवरचं साईनाथांचं पुस्तक त्याच वर्षाच्या अखेरीला निघालं. दोघांनीही ते पाहिलं नाही.

मामा: ते स्वातंत्र्यसैनिक. त्यांनी स्वतः निवडलेलं होतं. आमचा शिपाई हुकमाचा ताबेदार.

मी: म्हणूनच त्याचं कुणी विचारत नाही! इंग्रजांच्या पलटणीत मेलेल्याला स्वातंत्र्याच्या इतिहासात जागा नाही आणि इंग्रजांनी तरी काय दिलं? पहिल्या महायुद्धातला, मेसोपोटेमियातला कूत-अल-अमाराचा वेढा तुम्हाला रेजिमेंटमध्ये शिकवला असेल.

मामा: शिकवला. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये आपल्या तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. अन्न संपलं. घोड्याचं मांस द्यायला लागले, आपल्या लोकांनी कित्येक आठवडे ते घेतलं नाही. उपाशी राहिले, दातांच्या हिरड्या सुजल्या, पण नाही म्हणाले. शेवटी सगळ्यांना शरण जावं लागलं, तेरा हजारांच्या आसपास. मग वाळवंटातून पायी, पुढं रेल्वेच्या कामाला. त्यातले किती परत आले विचारू नको. त्यानंतर ११७ ला 'रॉयल' ही पदवी मिळाली.

मी: पलटणीला पदवी मिळाली. आता बसऱ्याच्या स्मारकावर काय झालं ऐका. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून जास्त सैनिकांसाठी ते बांधलं. गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र प्रत्येक पलटणीखाली नुसता आकडा. साताऱ्या-रत्नागिरीकडचा माणूस तिथं आकडा होऊन राहिला. २०२१ साली राष्ट्रकुल युद्ध-स्मशान आयोगानं या भेदभावाची चौकशी करून जाहीर माफी मागितली. तुम्ही मला विचारता, त्या आजीची साक्ष पक्की आहे का. मग दगडाची साक्ष तरी पक्की आहे का, ते सांगा. जिथं नाव लिहायला जागा होती तिथं ज्यांनी आकडा लिहिला, त्यांच्यापेक्षा आजी खरी आहे. तिला नवऱ्याचं नाव माहीत आहे. ती ते घ्यायला लाजते, एवढंच.

यावर मामा हसले नाहीत. कपात चहाचा तळ उरला होता, तो तसाच ठेवून ते उठले, फाटकापर्यंत जाऊन आले. पुढचे त्यांनी बसल्यावर सांगितले. मी रेकॉर्डर लावला नव्हता आणि तो लावू का असे विचारलेही नाही. हे लिहायची परवानगी त्यांनी नंतर दिली.

मामा: तू फक्त बायांना विचारतेस. पुरुषाला विचारलंस तर तो खोटं बोलेल, नाहीतर गप्प बसेल. मी गप्प बसलो. जाफन्याला आम्ही घराघरांतून तपासत चाललो होतो. एका घरात कुणी नव्हतं, दार सताड उघडं. स्वयंपाकघरात रगडा होता, आपल्यासारखाच. त्यात उडदाचं पीठ अर्धं वाटलेलं, पाणी सुटलेलं. वरवंटा आत तसाच. बाई वाटता वाटता उठून पळाली होती. मला आईची आठवण आली. माझ्या मागचा पोरगा म्हणाला, सुभेदारसाहेब, चला. मी तेव्हा नायक होतो, सुभेदार नंतर झालो, पण स्वप्नात तो मला सुभेदारसाहेबच म्हणतो. त्या लढाईत आपले ११०० हून जास्त जवान गेले. आम्ही १९९० पर्यंत माघारी आलो. गावात कुणी विचारलं नाही, कशाला गेला होता म्हणून. बांगलादेशाचं विचारायचे, कारगिलचं विचारतात. आमचं कुणाला नको होतं. मग मीही बोलायचं बंद केलं.

मी: मामींना सांगितलं होतं?

मामा: नाही. आता एक मला सांग. ती रगड्यावरची बाई, तिला कोण विचारणार? तुला युद्धाचा माणसामागचा खर्च लिहायचाय ना? मग आपल्याच बायांचा लिहून कसं चालेल? सीमेपलीकडं पण कुणी ट्रंक उघडली असेल.

खरे सांगायचे तर हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. आठवणी घ्यायला विरोध करणाऱ्या फौजी माणसाने तो विचारला आणि मी, जिचे कामच हे, ती इतके दिवस दोन जिल्ह्यांच्या आत फिरत होते. जपानमध्ये हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या 'निहोन हिदानक्यो' या संघटनेला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. अनेक दशके ती माणसे जगभर एकच करत होती, आपल्यावर काय गुदरले ते स्वतःच्या तोंडाने सांगत होती. त्यांचे ऐकून घेणाऱ्यांत ज्या देशाने बॉम्ब टाकला तिथले लोकही होते. जाफन्यातल्या बाईचे ऐकायला साताऱ्याचा सुभेदार तयार आहे, हे मला तेवढेच मोठे वाटते.

मी: मग तुम्ही बोलाल? रेकॉर्डवर?

मामा: अटी आहेत. पहिली, बाईनं नाही म्हटलं की उठायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, सुनेकडून गळ घालायची नाही. दुसरी, जे रेकॉर्ड करशील ते आधी तिला ऐकव. तिनं एखादी गोष्ट काढ म्हटलं तर काढ, मग ती कितीही चांगली असो. दिराचं, सासूचं बोलणं तू छापशील आणि जाशील, तिला त्याच घरात राहायचंय. तिसरी, एक प्रत घरी दे. आणि चौथी, तिचं पेन्शनचं काम अडलेलं असेल तर ते आधी कर. तिचं ऐकून घेऊन, तिचा अर्ज तसाच ठेवून तू परत आलीस तर तो टीव्हीवाला बरा.

मी: चारही मान्य.

मामा: आणि माझं शेवटी घे. आधी त्या घटवाल्या आजीकडं परत जा. तिला विचार, नवऱ्याच्या पलटणीचा खरा नंबर पाहिजे का म्हणून. ट्रंकेवर असेल. मी रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून देतो.

आमचे मतभेद मिटले असे नाही. मामांना अजूनही वाटते की भरतीला निघालेल्या पोराला हे ऐकवू नये. मला वाटते, त्यालाच आधी ऐकवावे. भरतीला निघालेल्याला आपल्यामागे आई-बायको काय काय सोसतील हे ठाऊक असावे. तरीही तो गेला तर त्याच्या जाण्याला अधिक अर्थ येईल. यावर आमचे एकमत होईल असे दिसत नाही आणि व्हायलाच हवे असेही नाही.

वाचणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. १९६२ साली विशीत असलेली बाई आज ऐंशीच्या पुढे आहे, १९७१ सालची पंचाहत्तरीच्या आसपास. साताऱ्यात, सांगलीत, खटाव-माणपासून वाळवा-शिराळ्यापर्यंत अशी घरे आहेत आणि तुमच्यापैकी कित्येकांची तीच आहेत. यासाठी विद्यापीठ लागत नाही, अनुदान लागत नाही, हातातला मोबाइल पुरतो. आजीशेजारी बसा. तारेबद्दल लगेच विचारू नका, शेताबद्दल विचारा, ती तारेपर्यंत आपण होऊन येईल. नाही म्हणाली तर विषय सोडा. हो म्हणाली तर मामांच्या चार अटी पाळा. आणि तिचे स्वतःचे नाव विचारून, तिची परवानगी असेल तर, आधी ते लिहा. अपशिंग्याच्या ४६ च्या आकड्यात नवऱ्यांची गणती झाली आहे, बायकांची नाही.